चारीच्या तोंडाशी शेत असलेल्या सभासदास सप्रेम सल्ला

कालव्याचं पाणी वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थेचे सभासद झालात, अभिनंदन! त्यात शेत चारीच्या, म्हणजे शेतांना पाणी आणणाऱ्या छोट्या पाटाच्या, अगदी तोंडाशी. देवाने आधीच छप्पर फाडून दिलंय. आता ते राखायचं कसं, तेवढं ऐका.

2005 च्या महाराष्ट्राच्या कायद्याने संस्थेला पाणी मोजून द्यायचं आणि संचालक मंडळात शिर, मधला आणि शेपूट अशा तिन्ही भागांतले शेतकरी घ्यायचे, असं ठरवलंय. घ्या की! शेपटाच्या, म्हणजे टेलच्या माणसाला खुर्ची जरूर द्या. तो पाणी मागायला लागला की मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायला घ्या.

चारीच्या गेटची चावी पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याकडे असते. असू दे. दार खाली येण्याआधी एक गोटा सरकवून ठेवला की ते नीट बसत नाही, बोटभर फट राहते. बोटभर फटीला कोण पाणीचोरी म्हणेल? आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, संपेपर्यंत टेलच्या चारीत बेडूकसुद्धा भिजत नाही, पण त्याला तुम्ही काय करणार! गळती असतेच.

काहीजण उगाच दाखले देतात. धुळ्याकडच्या फड पद्धतीत म्हणे एका फडात, म्हणजे शेतांच्या एका पट्ट्यात, सगळ्यांचं एकच पीक, आणि पाणी फिरवायचं ते पाटकऱ्याने, मालकाने नाही. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात तर शेतकऱ्यांनी निवडलेले पंच दर गुरुवारी दुपारी चर्चच्या दारात बसतात, तोंडी तक्रार ऐकतात आणि उठायच्या आत निकाल देतात. वकील नाही, तारीख नाही. ही साथ आपल्या संस्थेत येऊ देऊ नका. तक्रार लेखीच घ्या, तीन प्रतींत, पाणीपट्टीच्या पावतीसह.

आता निचऱ्याचा चर. पाट पाणी देतो, चर ते घेऊन जातो. मग त्याला वर्गणी कशाला? नेदरलँड्सचे लोक तेराव्या शतकापासून असल्या कामाला मंडळं चालवतात, कर भरतात. त्यांचा सुमारे पाव देश समुद्राच्या पातळीखाली आहे. तुमचं रान उंचावर आहे, सध्या तरी. तेव्हा नांगर वळवताना दर वर्षी नांगराची एक ओळ चरात घाला. बांध कोरायची सवय असेल तर हे जमेलच. काही वर्षांत चर नकाशात राहील आणि त्याची जागा तुमच्या पिकात येईल.

फट तुमची, चरही तुमचाच. त्यामुळे पाणीही तुमच्याच रानात मुरेल. भूजल वर चढेल, उन्हाने उडून जाईल आणि क्षार तेवढे वर ठेवून जाईल. ढेकळांवर पांढरा थर दिसला, बियाणं उगवेना झालं की डगमगू नका. सर्वसाधारण सभेत सगळ्यांत आधी उठा आणि आवाज चढवून विचारा, "चर बुजवला कोणी?" चौकशी समितीचा ठराव मांडा. अध्यक्ष तुम्हीच व्हा.