टेबलाच्या पलीकडून काढलेले आराखडे

लॉस एंजेलिसला आमच्याकडे येणारे पाहुणे विमानतळावरची ती मोठ्या कमानींवर तोललेली इमारत पाहून ती कोणी बांधली, असे हमखास विचारतात, आणि इथले यजमान पॉल विल्यम्स यांचे नाव सांगून मोकळे होतात. वस्तुतः ते काम अनेक वास्तुविशारदांनी मिळून केले होते. विल्यम्स हे त्यांच्यापैकी एक. पण ज्यांना हयातीत पुरेसे श्रेय मिळाले नाही, त्यांना मागाहून ते सढळ हाताने वाटण्याची सवय सगळीकडे सारखीच असावी.

त्यांच्याविषयी सर्वाधिक सांगितली जाणारी गोष्ट वेगळीच आहे. ते उलटे रेखाटन करायला शिकले होते. गोऱ्या ग्राहकाला कृष्णवर्णीय माणसाच्या शेजारी बसणे अवघड वाटू नये म्हणून ते टेबलाच्या पलीकडे बसत आणि समोरच्याला सुलट दिसेल असा आराखडा काढत. ही गोष्ट इथे कौतुकाने सांगितली जाते आणि मीही ती कित्येक वर्षे तशीच सांगत आलो. आता मात्र ती सांगताना जीभ अडखळते, कारण त्या कौतुकात विल्यम्स यांचे कसब उरते आणि त्या ग्राहकाचा संकोच नजरेआड होतो.

विल्यम्स यांचा जन्म १८९४चा. चार वर्षांचे होईपर्यंत त्यांचे आईवडील दोघेही गेले. १९२३मध्ये ते अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स या वास्तुविशारदांच्या संस्थेचे पहिले कृष्णवर्णीय सदस्य झाले. चित्रपटतारकांच्या हवेल्यांपासून सार्वजनिक गृहवसाहतींपर्यंत आणि कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या गोल्डन स्टेट विमा कंपनीच्या १९४९मधील मुख्यालयापर्यंत त्यांनी अफाट काम केले. १९३७मध्ये एका मासिकात त्यांनी लिहिले की, आज आपण ज्या सुंदर वस्तीतल्या घराचा आराखडा काढला, तिथे राहणे आपल्याला परवडले असते, तरी संध्याकाळी आपण परतलो ते शहराच्या फारशा प्रतिष्ठित नसलेल्या भागातल्या आपल्या छोट्या घरी, कारण आपण कृष्णवर्णीय आहोत.

त्या मनाईचा कागद मी पाहिला आहे. आमचे घर विकत घेताना जुन्या दस्तऐवजांत एक अट निघाली की, नोकरचाकर वगळता गौरेतर व्यक्तीने या जागेत राहू नये. ती माझ्यासारख्यालाही लागू होती. विल्यम्स ज्या वर्षी संस्थेचे सदस्य झाले, त्याच १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतातून आलेल्या भगतसिंग थिंद यांना ते कायद्याच्या अर्थाने गौरवर्णीय नाहीत म्हणून नागरिकत्व नाकारले. आपण उच्चवर्णीय आर्य आहोत, असा थिंद यांचा युक्तिवाद होता. वर्णभेदाच्या दाराशी जातीचा दाखला घेऊन जाण्याची ही आपली तऱ्हा आठवली की खजील व्हायला होते. घरांच्या व्यवहारांतल्या असल्या अटींची न्यायालयांमार्फत अंमलबजावणी करता येणार नाही, हे १९४८मध्ये ठरले.

इकडून मुंबईतल्या नातेवाइकांशी बोलताना हमखास दोन विषय निघतात. एक, कोणत्या स्मारकाचा पुतळा किती फूट उंच होणार. दुसरा, मासे खाणाऱ्या मराठी माणसाला अमुक सोसायटीत फ्लॅट कसा नाकारला. पहिल्या विषयात अभिमान असतो आणि दुसऱ्यात संताप, पण या दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध आहे, असे बोलणाऱ्यांना वाटत नाही. गृहनिर्माण सोसायटीने सभासदत्व एकाच समाजापुरते राखणे वैध असल्याचा निकाल आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५मध्ये अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या प्रकरणात दिला होता, हेही या चर्चांत क्वचितच निघते. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात शिकून १९१७मध्ये बडोद्यास गेलेल्या बाबासाहेबांना राहायला जागा मिळेना. नाव बदलून पारशी विश्रामगृहात आश्रय घ्यावा लागला आणि तिथूनही बाहेर काढले गेले. हा प्रसंग आपण जिद्दीची कथा म्हणून मुलांना ऐकवतो आणि जात विचारूनच भाडेकरू ठेवतो.

अमेरिकेने हा हिशेब चुकता केला आहे, असे मी म्हणणार नाही. व्यवसायाचे सर्वोच्च सुवर्णपदक विल्यम्स यांना २०१७मध्ये मिळाले, मृत्यूनंतर ३७ वर्षांनी. तरी नातीने जपून ठेवलेले त्यांचे हजारो आराखडे २०२०मध्ये गेटी ही कलासंशोधन संस्था आणि इथल्या एका विद्यापीठाने मिळून ताब्यात घेतले, हा सन्मान मला पदकापेक्षा मोठा वाटतो. पुतळ्याकडे मान वर करून पाहावे लागते. आराखड्यावर वाकावे लागते आणि तो काढणारा माणूस टेबलाच्या कोणत्या बाजूला बसला होता, हे विचारणे भाग पडते.

आमच्या दस्तऐवजातली ती ओळ अजून तशीच आहे. ती काढून टाकण्याची सोय कॅलिफोर्नियाच्या कायद्याने केलेली आहे, पण अर्ज मी मुद्दामच केलेला नाही. मुंबईहून पाहुणे आले की विमानतळाच्या गोष्टीनंतर मी त्यांना तो कागद दाखवतो.