चौथी आली म्हणे!

आज डिचोलीला नातेवाइकांकडे सत्यनारायण होता. पुरुष मंडळी शिरा खात क्रिकेटच्या गप्पा छाटत होती, त्यात कुठून तरी जिम्नॅस्ट दीपा कर्माकरचं नाव निघालं. आमचे एक भावोजी लगेच म्हणाले, "ती ना? चौथी आली आणि मग डोपिंगमध्ये सापडली." सगळे हसले, विषय संपला! तिथे पाहुण्यांसमोर गप्प बसले, पण घरी आले तरी डोकं शांत होईना.

चौथी म्हणजे कुठे, ते तरी बोला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला! तिथवर पोचलेली देशातली पहिली महिला जिम्नॅस्ट, आणि थेट व्हॉल्ट या उडीच्या प्रकारात फायनलला. ब्राँझ ०.१५० गुणांनी हुकलं. सुवर्ण कोणाला, तर अमेरिकेच्या सिमोन बाइल्सला. भावोजींना घराच्या पायऱ्या चढताना धाप लागते, आणि हे तिचा नंबर काढणार.

मला एवढं का लागलं सांगते. माझ्या लेकीचे पाय सपाट आहेत. न्हाणीतून ओल्या पायांनी बाहेर आली की लादीवर अख्खं पाऊल उमटतं, मधली कमान नाहीच. शाळेत कवायतीच्या सरांनी तिला सगळ्यांदेखत रांगेतून बाजूला काढलं. "हिला जमायचं नाही." घरी येऊन रडली नाही पोर, नुसती तळवे बघत बसली. त्या रात्री मी तिला दीपाचे व्हिडिओ लावून दिले. तिचेही पाय सपाटच ना! आगरतळ्यात बिश्वेश्वर नंदी सरांनी त्या पायांवर वर्षानुवर्षं मेहनत घेतली, आणि त्याच पायांवर ती प्रोदुनोव्हा नावाची उडी मारायची. धावत यायचं, टेबलावर हात टेकून उसळायचं, हवेत पुढच्या पुढे दोन कोलांट्या, आणि मग सगळा भार पायांवर. लेक व्हिडिओ मागे नेऊन नेऊन तेवढंच बघत होती, पाय टेकतात तो क्षण.

हो, त्या उडीत मान मोडू शकते. माझ्या पोरीला मी ती करू देणार नाही, ते वेगळं.

डोपिंगचं म्हणाल तर, हायजेनामाइन हे बंदी असलेलं द्रव्य सापडलं, २१ महिन्यांची बंदी झाली. पोटात काय जातं ते खेळाडूनेच बघायचं असतं, मान्य. पण बाकीचं कोण सांगणार? त्याआधी गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यातून उठून २०१८ ला तुर्कीत वर्ल्ड चॅलेंज कपचं सुवर्ण. बंदी संपल्यावर २०२४ ला ताश्कंदमध्ये आशियाई स्पर्धेत व्हॉल्टचं सुवर्ण, तेही तिशीत! सीनियर गटात हे आधी कुठल्याच भारतीयाला जमलेलं नव्हतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती निवृत्त झाली. आमच्या भावोजींपर्यंत यातलं पोचलं काय, तर 'सापडली'.

माणूस वाईट नाही हो ते. जत्रेत याच पोरीला खांद्यावर घेऊन फिरतात. पण उद्या तिच्यासमोर असं काही बोलले तर मी पाहुणे-बिहुणे बघणार नाही.

असो. २०२३ ला नॅशनल गेम्सचं जिम्नॅस्टिक्स आपल्या म्हापशात, पेडेच्या क्रीडासंकुलात झालं होतं. त्या बाजूला किंवा डिचोलीत तिसरीतल्या मुलीला कोण नीट शिकवत असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. फी, वेळ, सगळं. आणि सपाट पायांचं आधीच सांगून ठेवते, त्यावर नाक मुरडणारे नकोत.