यंदा घरात डिजिटल चातुर्मास पाळाच

तुमच्या घरात कोणीच कोणाशी बोलत नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल, तर अभिनंदन. म्हणजे तुम्ही निदान एकदा तरी मान वर केलीत. आता उपाय एकच. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत टीव्ही बंद, इंटरनेट बंद. कोणी वांगं सोडतं, कोणी कांदा-लसूण. तुम्ही वायफाय सोडा. फक्त पंचांग आधी बघून घ्या. २०२३ सारखा अधिक श्रावण मध्ये आला की चातुर्मास पाच महिन्यांचा होतो, आणि मुंबईकराने पुण्याची इतकीही हाव धरू नये.

संकल्प सोडण्याआधी तो सगळीकडे कळवा. माहेरचा ग्रुप, सासरचा ग्रुप, सोसायटी, शाळा: 'काही दिवस इथे नसेन, चूकभूल द्यावी घ्यावी.' खाली जोडलेल्या हातांची रांग लागेल. कोणी हात जोडले आणि कोणी नुसतं वाचून सोडून दिलं, हे तपासायला दोन दिवस लागतात, म्हणून घोषणा नवमीलाच करावी. शिवाय ती कांदेनवमी. चार महिन्यांचा कांदा जसा त्या दिवशी भज्यांतून पोटात जातो, तशा राहिलेल्या सगळ्या मालिका त्या रात्रीत उरकून टाका.

आता नियम. उपास कशाने मोडतो यापेक्षा उपासाला काय चालतं, याचा अभ्यास आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या झालेला आहे. बटाटा, शेंगदाणा, मिरची, साबुदाणा ज्याचा होतो तो कंद, ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडांतली. वसिष्ठांनी जन्मात पाहिली नसतील, तरी एकादशीला चालतात. मग ऑफिसचा लॅपटॉप का चालू नये? ते काम आहे, इंटरनेट नव्हे. भाजीवाल्याचा क्यूआर कोड चालतो, कारण सुट्टे नसतात. लोकल किती उशिरा आहे ते बघणं चालतं. मुलांच्या क्लासच्या नोट्स चालतात, आणि नोट्स उघडेपर्यंत वाटेत जे दिसेल त्याला मुलं जबाबदार नाहीत. आजींचं कीर्तन चालतं. कीर्तनाच्या मध्ये येणारी जाहिरातही चालते, कारण ती नको असेल तर पैसे भरावे लागतात. मॅच शेजाऱ्यांच्या उघड्या दारातून, उभ्याने पाहिली तर चालते. संडासात काय चालतं हे मात्र कोणी कोणाला विचारू नये.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली. कौतुकच आहे. पण दीड तास म्हणजे आपला एका वेळचा प्रवास, त्यात काय मर्दुमकी? आणि त्यांच्याकडे भोंगा आहे. आपल्या गिरण्यांचा भोंगा १९८२ च्या संपानंतर विरत गेला, आणि हल्ली मुंबईत भोंग्याचं नाव काढलं की प्रकरण पोलीस ठाण्यापर्यंत जातं. तुम्ही कुकरच्या तिसऱ्या शिट्टीवर सगळ्यांना बाहेरच्या खोलीत जमवा.

पहिल्या संध्याकाळी आजी सांगतील, 'आमच्या वेळी असं नव्हतं, सगळे गप्पा मारायचे.' उलटतपासणी घेऊ नका. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, आणि परळच्या त्यांच्या चाळीत ज्यांच्याकडे पहिला टीव्ही आला त्यांच्या खोलीत अख्खा मजला मिठाची गुळणी धरून बसायचा, हे याच आजींनी मागे कधीतरी रंगवून सांगितलेलं असतं.

दुसऱ्या संध्याकाळी खरा संवाद सुरू होईल. मुंबईतल्या मराठी घरात संवाद मोकळा सुटला की तो दोनच ठिकाणी जातो: इमारतीचा पुनर्विकास आणि गावचा सातबारा. वाढीव जागा कोणाच्या नावावर घ्यायची, कलमं कोणी लावली आणि आंब्याच्या पेट्या कोणाकडे जातात. साडेआठपर्यंत बाबा आणि काका फोनवर (साधा फोन, चालतो) एकमेकांचे वडील काढतील. ते एकच असतात, हे रागात लक्षात येत नाही.

साडेचारशे चौरस फुटांत पाच माणसं राहतात, तिथे भिंती मोजक्याच असतात. आजींची मालिका ही एक भिंत होती, मुलीच्या कानातले हेडफोन ही दुसरी. मोबाइलमागे तर बाबांची स्वतंत्र खोली होती. तुम्ही एका एकादशीत सगळं पाडून टाकलंत, तेही संक्रमण शिबिराची सोय न करता. बाहेर जिन्यात जाऊन बसावं, तर शेजाऱ्यांशी शेवटचं धड बोलणं झालं होतं २६ जुलै २००५ ला. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि वीज गेली, तेव्हा. त्यांची मेणबत्ती तुम्ही अजून परत केलेली नाही.

तिसऱ्या संध्याकाळी पाऊस धरेल. कुकरची तिसरी शिट्टी होईल, पण बाहेरच्या खोलीत यायची कोणाची छाती होणार नाही. मग आजी उशीखालून रिमोट काढतील. 'मालिका नाही गं लावत, पाणी कुठे कुठे भरलंय तेवढंच बघते.' एकेक जण येऊन पलंगावर टेकेल. काकांचा फोन येईल, तर बाबा म्हणतील, 'लाव, तूही लाव, हिंदमाता दाखवतायत.'

पावसाच्या बातम्या उपासाला चालतात.