कावळा, फांदी आणि वाळवी

कुठे पूर आला, कुठे वणवा पेटला की दोन दिवसांत एक मजकूर फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच: ‘पूर, दुष्काळ, वादळं पूर्वीही होतीच. उलट तेव्हा माणसं जास्त मरायची. अमुक एक आपत्ती हवामानबदलामुळेच आली, हे कुणालाच सिद्ध करता येत नाही. उद्या भूकंपाचं खापरही तापमानवाढीवर फोडाल. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, एवढंच. बाकी सगळं निसर्गचक्र.’

लिहिणारा हुशार आहे. यातली निम्मी विधानं खरी आहेत. खोट आहे ती त्यांच्यामधल्या, न लिहिलेल्या ‘म्हणून’मध्ये.

‘पूर्वीही होतीच’ हे कुणीच नाकारत नाही. 1876 ते 1878 या काळात प्रबळ एल निनोमुळे, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी अधूनमधून तापण्याच्या नैसर्गिक चक्रामुळे, भारत, चीन आणि ब्राझील अशा तीन टोकांना पावसाने दगा दिला आणि भीषण दुष्काळ पडले. 1931 साली चीनमध्ये यांगत्सेच्या पुराने हाहाकार केला. तेव्हा हवेत आजच्याइतका कार्बन डायऑक्साइड नव्हता, हेही खरं. पण ताप पूर्वीही यायचा, म्हणून आज रक्तात सापडलेला हिवतापाचा जंतू खोटा ठरत नाही. एकाच परिणामाला अनेक कारणं असू शकतात आणि जुनं कारण शिल्लक असताना नवं येऊन मिळू शकतं. विचारायचं असतं ते किती वेळा आणि किती जोराने. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक आंतरसरकारी मंडळाच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, 2021 च्या अहवालात याचं उत्तर आहे. औद्योगिक काळापूर्वी सरासरी 10 वर्षांतून एकदा यायचा तसला कडाक्याचा उष्मा आता त्याच मुदतीत साधारण 2.8 वेळा येतो. अतिवृष्टीमागचं भौतिकशास्त्र तर जुनंच आहे: हवा एका अंशाने तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते. ढगाला पाणी कुठून मिळालं, याचं हे कोरडं उत्तर.

माणसं पूर्वी जास्त मरायची, हेही खरंच. बंगालच्या उपसागरात 1970 साली आलेल्या भोला चक्रीवादळाने 3 ते 5 लाख बळी घेतले असा अंदाज आहे. 1991 च्या वादळात बांगलादेशात सुमारे 1 लाख 38 हजार माणसं गेली, 2007 च्या ‘सिद्र’मध्ये सुमारे साडेतीन हजार. मग काय, समुद्र शहाणा झाला? भोलानंतर 1972 साली तिथे चक्रीवादळ सज्जता कार्यक्रम सुरू झाला, स्वयंसेवक गावोगाव इशारे पोचवू लागले, पुढे उंच निवारे उभे राहिले. बळींचा आकडा वादळाचा जोर मोजत नाही. वादळ आणि माणसाची तयारी या दोघांची वजाबाकी मोजतो. हेल्मेटमुळे डोकं वाचलं, यावरून रस्त्यावरची वाहनं कमी झाली असं अनुमान काढण्यासारखं आहे हे.

इथे पलीकडच्या बाजूलाही एक चिमटा काढायला हवा. ‘50 वर्षांत आपत्ती पाचपट झाल्या’ हा आकडा तितक्याच उत्साहाने फिरतो. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदींत ती वाढ आहे खरी, पण त्यात नोंद ठेवण्याची पद्धत सुधारल्याचाही मोठा वाटा आहे. 1970 साली दुर्गम भागातला पूर कुणाच्या वहीत चढतच नसे. चक्रीवादळांची एकूण संख्या वाढली आहे असंही ठामपणे म्हणता येत नाही. त्यांतल्या अतितीव्र वादळांचं प्रमाण मात्र वाढलेलं असण्याची शक्यता आयपीसीसी नोंदवते.

आता मुख्य मुद्दा: एका घटनेचं कारण सिद्ध करता येत नाही. 20-25 वर्षांपूर्वी शास्त्रज्ञ स्वतःच असं म्हणत. मग 2003 साली युरोपात उष्णतेची लाट आली, हजारो माणसं दगावली, आणि पुढच्याच वर्षी हवामानशास्त्रज्ञ पीटर स्टॉट आणि सहकाऱ्यांनी प्रश्नच बदलला. ‘ही लाट तापमानवाढीने आणली का?’ असं न विचारता त्यांनी विचारलं, माणसाने तापमान वाढवणारे वायू सोडलेच नसते तर अशा उन्हाळ्याची शक्यता किती होती आणि आज किती आहे? संगणकात दोन पृथ्व्या मांडायच्या, एक वायूंसह, एक वायूंविना, आणि दोन्हींकडे असा उन्हाळा किती वेळा उगवतो ते मोजायचं. उत्तर आलं: शक्यता किमान दुप्पट झाली असण्याची खात्री 90 टक्क्यांहून जास्त.

ही पद्धत किती नाजूक आहे, ते 2010 च्या रशियातल्या उष्म्याने दाखवलं. एका गटाने सांगितलं, हे मुख्यतः नैसर्गिक. ठाण मांडून बसलेल्या उच्च दाबाच्या पट्ट्याचं काम. दुसऱ्याने सांगितलं, तापमानवाढ नसती तर मॉस्कोचा हा विक्रम घडलाच नसता, अशी शक्यता 80 टक्के. विरोधकांना आयतं कोलीत मिळालं. 2012 मध्ये हवामानशास्त्रज्ञ फ्रिडेरिके ऑटो आणि सहकाऱ्यांनी दोन्ही निष्कर्ष शेजारीशेजारी ठेवून पाहिले, तेव्हा कळलं की भांडण नव्हतंच. पारा इतका वर का गेला, याचं उत्तर बहुतांशी निसर्ग. असा उष्मा पूर्वीपेक्षा किती वारंवार येऊ शकतो, याचं उत्तर सुमारे तिप्पट, आणि ते तापमानवाढीमुळे. दोन वेगळ्या प्रश्नांची दोन बरोबर उत्तरं. ‘कारण’ हा शब्द आपण किती ढिलाईने वापरतो, याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

आणि असा हिशेब करणारे शास्त्रज्ञ प्रत्येक वेळी ‘हो’च म्हणतात असंही नाही. 2019 ते 2021 च्या मादागास्करमधल्या उपासमारीला जगभर ‘हवामानबदलाचा पहिला दुष्काळ’ म्हटलं गेलं. वर्ल्ड वेदर अॅट्रिब्यूशन या गटाने तपासलं आणि सांगितलं की पावसाच्या तुटीत तापमानवाढीचा ठळक हात दिसत नाही. गरिबी आणि पावसावर अवलंबून असलेली शेती यांनी घात केला. ब्राझीलच्या आग्नेय भागातल्या 2014-15 च्या पाणीटंचाईबद्दलही तसंच: दोष वाढत्या लोकसंख्येचा आणि पाणीवापराचा. ठरवून निष्कर्ष काढणारा माणूस असलं उत्तर देत नाही.

भूकंपाचं लवकर उरकतो. ते भूपट्टांच्या घर्षणातून होतात आणि 2004 ची त्सुनामीही भूकंपानेच उठली. कुणी ते हवामानबदलाच्या खात्यावर टाकत असेल तर त्याचं चुकतंच. पण एका भाबड्या माणसाची चूक दाखवून उष्णतेच्या लाटांचा हिशेब मिटत नाही.

राहिला कावळा. गाठ योगायोगाची असेल तर ती एकदा पडते. प्रत्येक झाडावर पूर्वीपेक्षा जास्त फांद्या मोडू लागल्या तर शहाणा माणूस कावळ्याकडे पाहत नाही, खोडात वाळवी शोधतो. आणि वाळवी सापडली म्हणून कावळ्याचं वजन शून्य होत नाही. 2023 च्या सप्टेंबरात लिबियातलं डेर्ना शहर वाहून गेलं. ‘डॅनियल’ वादळाचा विक्रमी पाऊस, तो तापमानवाढीमुळे बळावलेला, हे एक; शहराच्या वर देखभालीविना पडलेली दोन धरणं रात्रीत फुटली, हे दुसरं; कित्येक वर्षांच्या यादवीत मोडून पडलेलं प्रशासन हे तिसरं. यातलं एक कारण सांगून बाकीची पुसणाऱ्याला कुणीतरी वाचवायचं असतं. धरणं सांभाळणाऱ्याला ‘हवामानबदल’ म्हणणं सोयीचं, वायू सोडणाऱ्याला ‘धरणं’ म्हणणं.

शेवटी निसर्गचक्र. चक्रं आहेतच. पृथ्वीच्या कक्षेत आणि आसाच्या कलात फरक पडतात, पण ते साधारण 23 हजार, 41 हजार आणि 1 लाख वर्षांच्या हिशेबाने. कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख कणांत 280 वरून 420 च्या पुढे गेला तो पावणेतीनशे वर्षांत. सूर्य म्हणावा, तर गेल्या चार दशकांत त्याचं तेज वाढलेलं नाही. त्याहून अडचणीची गोष्ट अशी की 1967 साली हवामानशास्त्रज्ञ स्युकुरो मनाबे आणि रिचर्ड वेदरल्ड यांनी गणिताने दाखवून ठेवलं होतं: हा वायू वाढला तर जमिनीलगतची हवा तापेल आणि त्यावरचा वातावरणाचा थर, म्हणजे स्थितांबर, थंड होईल. पुढे उपग्रहांनी नेमकं तेच मोजलं. थंडाव्यात ओझोन घटल्याचाही वाटा होता, पण ओझोन सावरू लागल्यावरही वरचे थर थंड होतच राहिले. मनाबेंना 2021 मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. सूर्याने जास्त उष्णता दिली असती तर खालचा आणि वरचा, दोन्ही थर तापले असते. एक तापला आणि एक गारठला, हे निसर्गचक्राने कसं जमवलं, ते त्या मजकुरात लिहिलेलं नाही.