नवीन मांजर आली म्हणून जुनी ‘रुसली’?

घरात नवीन मांजर आणली की जुनी चार दिवस रुसते, खात नाही, शिंकते. तिला तशीच सोडा, फार तर पाव गोळी पॅरासिटामॉल द्या, आपोआप ताळ्यावर येते, असा सल्ला व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. यातला रुसण्याचा भाग फार तर अर्धा खरा. शिंका आणि डोळ्यांतून पाणी ही रुसव्याची लक्षणं नव्हेत, तो बहुधा कॅट फ्लू, म्हणजे मांजरांची संसर्गजन्य सर्दी, असतो. त्यातला हर्पिस विषाणू एकदा शिरला की मांजरीच्या अंगात दडून राहतो आणि ताण आला की पुन्हा डोकं वर काढतो. त्यामुळे दर वेळी आजार नव्या पाहुणीनेच आणला, असं म्हणणंही तिच्यावर अन्याय आहे.

उलट्या, जुलाब, मलूलपणा दिसला तर मात्र पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या संसर्गजन्य आजाराची शंका घ्यावी. लस न घेतलेल्या पिल्लांचा तो जीव घेतो. त्याचा विषाणू घरात कधी कधी वर्षभरही टिकतो, आणि हाताला लावायच्या सॅनिटायझरला दाद देत नाही. फरशीला पातळ केलेलं ब्लीचच लागतं.

न खाण्याकडे काणाडोळा नकोच. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिली तरी यकृतात चरबी साचू लागते. बोका सारखा लघवीला बसतोय आणि थेंबही येत नाही, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ताणाने मूत्रमार्ग तुंबू शकतो. आणि हो, त्याच मेसेजमधली ‘पाव गोळी पॅरासिटामॉल’ मांजरासाठी चक्क विष आहे.

नवीन मांजर पहिले दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावी. भांडी आणि शी-शूचा ट्रेही वेगळा.