‘शिसं उकळतच नाही, मग भीती कसली?’ कसली ते ऐका

‘घरच्या गॅसवर शिसं वितळवा, अगदी सुरक्षित’ असा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. काल तो पुतण्याकडून माझ्याकडे आला. सोबत जुन्या बॅटरीचा फोटो आणि खाली एकच ओळ : ‘काका, फोडू का?’

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. शिसं 327 अंश सेल्सियसला वितळतं आणि 1749 अंशांना उकळतं, म्हणून गॅसवर विषारी वाफ होतच नाही. जुन्या बॅटरीच्या प्लेटा हा सगळ्यात सोपा माल. वितळलेल्या शिशावर पाणी शिंपडलं तरी काही होत नाही, सोबत तसा व्हिडिओही. भांडं कुठलंही चालतं. आणि काम झालं की पेलाभर दूध प्यायचं, अंगात गेलेलं शिसं उतरतं.

पहिला मुद्दा अर्धा खरा आहे, मान्य करावं लागतं. आकडे बरोबर आहेत. 350 ते 400 अंशांत शिशाची वाफ नगण्यच असते. ती 500 च्या पुढे जाणवण्याइतकी वाढते, आणि थर्मामीटरशिवाय काम करणाऱ्याला आपण 380 वर आहोत की 550 वर, हे कळत नाही. पण वाफ बाजूला ठेवा. वितळलेल्या शिशावर सारखी करडी साय धरते, ती शिशाची ऑक्साइडं. पळीने काढून डब्यात टाकली की तिचं मैद्यासारखं बारीक पीठ होतं. ते ओट्यावर बसतं, फडक्यात शिरतं, नखांत राहतं आणि घासाबरोबर पोटात जातं. मोठ्या माणसाच्या पोटातून त्यातलं दहा-पंधरा टक्के रक्तात उतरतं, उपाशीपोटी त्याहून बरंच जास्त. लहान मुलाच्या बाबतीत जवळजवळ निम्मं. रांगणाऱ्या पोराला 1749 अंशांशी काय देणंघेणं? तेव्हा स्वयंपाकघर बाद. खिडकी उघडी असो की एक्झॉस्ट पंखा चालू असो, बाद म्हणजे बाद. काम उघड्यावर करायचं, तेही मुलं फिरकत नाहीत अशा जागी.

बॅटरीच्या मुद्द्यावर मात्र डोकं फिरतं. हे लिहिणाऱ्याने प्लेट कधी जवळून पाहिली तरी आहे का? प्लेट म्हणजे शिशाचा अखंड पत्रा नसतो. शिशाची जाळी असते आणि तिच्या खणांत लगदा थापलेला असतो. उतरलेल्या बॅटरीत त्याचा मोठा भाग म्हणजे लेड सल्फेट, शिवाय तपकिरी लेड डायऑक्साइड, आणि सगळं गंधकाम्लात भिजलेलं. हा लगदा गॅसवर वितळतच नाही. त्यातून धातू काढायला भट्टी लागते, कार्बन लागतो, 1000 अंशांच्या आसपासची आच लागते आणि गंधकाचा धूर धरणारी यंत्रणा लागते. कढईत तो नुसता वाळतो, भुगा होतो आणि उडतो. हाती येतं ते जाळीचं थोडंसं शिसं. त्याच्या सायीत आणखी एक घोळ असतो. काही प्लेटांत अँटिमनी आणि आर्सेनिक असतं, काहींत कॅल्शियम. दोन्ही एका कढईत आल्या आणि ती साय पुढे कधी ओली झाली, अगदी दमट डब्यात राहिली, तरी आर्सिन आणि स्टिबिन हे विषारी वायू सुटू शकतात. आर्सिन रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. त्याला रंग नसतो, आणि वास येईल या भरवशावर राहता येत नाही.

हे पुस्तकी वाटत असेल तर सेनेगलचं उदाहरण घ्या. डाकारजवळच्या थियारोये-सुर-मेर वस्तीत नोव्हेंबर 2007 ते मार्च 2008 या काळात 18 मुलं दगावली. तिथे जुन्या बॅटऱ्यांमधून शिसं काढलं जात होतं, आणि शिसं मिसळलेली माती लोक चाळायला घरी नेत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तपासणीत 50 मुलांच्या रक्तात सगळ्यात कमी आकडा निघाला 39.8 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर, सगळ्यात जास्त 613.9. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी मुलांच्या बाबतीत 3.5 लाच चौकशी सुरू करायला सांगते. बॅटरी न फोडता, उभी धरून, अखंड परत करायची. दुसरा मार्ग नाही.

पाण्याचा व्हिडिओ खोटा नाही, म्हणूनच घातक आहे. वरून पडलेला थेंब स्वतःच्याच वाफेवर नाचतो आणि उडून जातो. तोच थेंब शिशाच्या पृष्ठभागाखाली गेला तर क्षणात सतराशेपट फुगतो आणि अख्खी कढई तोंडावर येते. तो खाली जातो ओल्या भंगारातून, दोन्ही टोकं चेपलेल्या पाइपातून, दमट साच्यातून. म्हणून भंगार थंड कढईतच भरायचं आणि तिच्याबरोबरच तापवायचं. पुढचा तुकडा घालायचा असेल तर आधी कढईच्या काठावर ठेवून खडखडीत वाळवायचा. थंड पळी ज्योतीवर धरली तरी तिच्यावर दव धरतं; तीही आधी चांगली तापवून घ्यायची आणि मगच बुडवायची.

भांड्याबद्दल फार बोलायला नको. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, पण त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतं, आणि वर दहा किलो शिसं असेल तर बूड बसतं. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीतलं जस्त शिशात उतरतं, मग माल रव्यासारखा घट्ट होतो आणि साचा भरत नाही. बिडाची किंवा जाड पोलादाची कढई घ्या, ती पुन्हा अन्नाला लावू नका. गाडीच्या चाकाला बॅलन्सिंगसाठी लावतात ती वजनं वितळवताना आच 370 च्या आसपास ठेवा. जस्त 419 ला वितळतं, त्यामुळे त्यांत मिसळलेली जस्ताची वजनं न वितळता तरंगतात आणि उचलून टाकता येतात.

आता दूध. आहारात कॅल्शियम आणि लोह पुरेसं असेल तर शिसं थोडं कमी शोषलं जातं, बस इतकंच. शोषलेलं शिसं दुधाने बाहेर निघत नाही. रक्तातलं निम्मं व्हायला महिनाभर लागतो, हाडांत बसलेलं दशकं राहतं. ज्यांनी आधीच स्वयंपाकघरात हा उद्योग केलाय त्यांनी पेला खाली ठेवावा आणि ओलं फडकं घ्यावं. झाडू नाही, साधा व्हॅक्यूमही नाही, दोन्हींनी धूळ पुन्हा उडते. ओटा, फरशी, दारांच्या मुठी साबणाच्या पाण्याने दोनदा पुसा, त्या दिवसाचे कपडे वेगळे धुवा, आणि घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर डॉक्टरांना सांगून रक्तातलं शिसं तपासून घ्या. नुसत्या साध्या रक्ततपासणीत ते दिसत नाही, वेगळं लिहून घ्यावं लागतं.