चावण्याआधी तो काय म्हणत होता?

बेळगावच्या वडगावातल्या आमच्या कट्ट्यावरची चर्चा एरवी उसाचा दर, नळाचे पाणी आणि सीमाप्रश्न यांच्या पलीकडे फारशी जात नाही. गेल्या गुरुवारी मात्र माझ्या भाच्यावरून असा वाद पेटला की चहा निवून गेला तरी कोणी ग्लासाला हात लावला नाही. भाचा 9 वर्षांचा आहे, स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे, आणि त्याने वर्गातल्या एका मुलीच्या दंडाला रक्त येईपर्यंत चावा घेतला होता. शाळेने ‘आठ दिवस घरीच ठेवा, मग बघू’ असे सांगून त्याला परत पाठवले होते.

‘यात शाळेचे काय चुकले?’ असे मास्तरांनी सरळच विचारले. मास्तर मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले असल्यामुळे त्यांच्या प्रश्नाला कट्ट्यावर वजन असते. मी कायद्याचा आधार घेतला. शिक्षण हक्काच्या 2009 च्या कायद्यानुसार आठवी होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला आहे, असे मी सांगू लागलो. मास्तरांनी मला मध्येच थांबवले. ‘कलमे मला तुझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत. पण कलम वर्गात उभे राहून मूल सांभाळत नाही, आणि ज्या मुलीला चावा बसला तिच्या आईला तू कोणते कलम वाचून दाखवणार आहेस?’ याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

अप्पांचे म्हणणे त्याहून सोपे होते. त्यांचे कापडाचे चार माग आहेत आणि बिघडलेल्या वस्तूला वेळेवर एक फटका दिला की ती चालते, असा त्यांचा एकंदर अनुभव आहे. मी त्यांना सांगितले की भावजींनी तोही उपाय करून पाहिला. परिणाम असा झाला की आता पोरगा चावा घेतो आणि कोणी जवळ येण्याआधीच स्वतःच्या गालावर दोन थपडा मारून घेतो. चावण्यानंतर थप्पड येते एवढेच तो शिकला. चावू नये हे शिकला नाही. अप्पा यावर काही बोलले नाहीत, एवढे नमूद करतो.

कान, दात आणि पोट दुखत नाही ना, हे आम्ही आधीच डॉक्टरांकडून तपासून घेतले होते, कारण दुखते कुठे हे सांगता न येणारे मूल पुष्कळदा चावूनच सांगते. त्यानंतर धारवाडच्या एका बाईंच्या सल्ल्याने बहिणीने दोनशे पानी वही घातली होती. प्रसंगाच्या आधी काय घडले, त्याने काय केले आणि नंतर लोकांनी काय केले, एवढेच तिच्यात लिहायचे होते; वर्गातले वर्गशिक्षिकेला विचारून टिपायचे होते. दोन आठवड्यांत 9 नोंदी झाल्या आणि त्यांतल्या 6 दुपारच्या जेवणाआधीच्या होत्या, जेव्हा व्हरांड्यात स्टीलची ताटे आपटू लागतात. इथे एक गंमत आहे. हा मुलगा घराखाली माग धडधडत असताना गाढ झोपतो, उलट वीज गेली आणि माग थांबले की दचकून उठतो. पण कुकरच्या शिट्टीने किंवा ताटांच्या खणखणाटाने कानांवर हात घेऊन खाली बसतो. त्याला एका लयीतला आवाज चालतो, अवचित येणारा चालत नाही.

मास्तरांना अधिक बोचली ती तिसऱ्या रकान्यातली नोंद. चावल्यावर त्याला उचलून ऑफिसात नेत असत. तिथे शांतता असे, पंखा असे आणि शिपाईमामा मायेने बिस्कीट देत. म्हणजे चावले की ताटांपासून सुटका, हा धडा त्याला शाळेनेच गिरवून घेतला होता, आणि तोही कोणाच्या मनात काही वाईट नसताना.

कार आणि ड्युरंड या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1985 साली दाखवले ते नेमके हेच, की त्रासदायक वागणे दाबत बसण्यापेक्षा त्या वागण्यातून मुलाला जे हवे आहे ते मागण्याचा सोपा मार्ग त्याला शिकवला तर ते वागणे कमी होते. म्हणून आम्ही हाताचा पंजा काढलेले ‘पुरे’ असे कार्ड केले. ‘मग तो दिवसभर कार्डच दाखवेल,’ असे मास्तर म्हणाले. सुरुवातीला दाखवेलच, आणि प्रत्येक वेळी त्याला लगेच बाहेर सोडलेही पाहिजे. कार्डावर विश्वास बसला की मग एक मिनिट, दोन मिनिटे असे थांबणे वाढवायचे असते. आमचा कंडक्टर मित्र म्हणाला, ‘बस थांबत नाही म्हटल्यावर प्रवासी आधी घंटी गप्प सोडतो काय? उलट जोराने ओढतो.’ हे त्याने फार नेमके सांगितले. जुना मार्ग बंद केला की चावणे काही दिवस वाढू शकते, आणि नेमके त्याच दिवसांत घरचे लोक हात टेकतात.

मग अर्थात भाषा आली, कारण बेळगावात ती आल्याशिवाय कोणतीही चर्चा संपत नाही. एका ठिकाणी बहिणीला सांगण्यात आले होते की घरी मराठी, गल्लीत कन्नड आणि फळ्यावर इंग्रजी यांमुळे मुलगा गोंधळतो, तेव्हा एकच भाषा ठेवा. अप्पांचे मत कन्नडच्या बाजूने पडले, कारण पुढे राहायचे इथेच आहे. कंडक्टर उसळून म्हणाला की आजीने नातवाशी मग खुणांनी बोलायचे काय. दोन भाषा कानांवर पडल्याने स्वमग्न मुलांचे बोलणे मागे पडते याला संशोधनात आधार मिळालेला नाही, आणि आईला ज्या भाषेत सहज लाड करता येतात ती भाषा घरातून काढणे मला तरी क्रूर वाटते.

पण मराठीच्या अभिमानाने फुगण्यासारखेही काही नव्हते. चावण्याआधी तो ‘साऊ, साऊ’ असे पुटपुटतो, ही नोंद वहीत चार वेळा होती आणि आम्ही सगळ्यांनी ती निरर्थक समजून सोडून दिली होती. मागासाठी सुताच्या कांड्या भरायला येणाऱ्या अक्कांनी एके दिवशी कुकरची शिट्टी झाल्यावर ते ऐकले आणि बहिणीला सहज म्हणाल्या, ‘साकु म्हणायलाय की तो.’ कन्नडमध्ये साकु म्हणजे पुरे. आम्ही पंजाचे कार्ड कापत बसलो होतो आणि तो शब्द त्याच्याजवळ आधीपासून होता, फक्त अक्कांच्या भाषेत. बेळगावात जन्म काढलेल्या आम्हा कोणालाही तो ओळखता आला नाही, कारण आम्ही त्याच्या तोंडून ‘पुरे’ येण्याची वाट पाहत होतो.

मास्तर बराच वेळ चष्मा पुसत राहिले. शेवटी त्यांनी सुचवले की वही आणि कार्ड दोन्ही घेऊन वर्गशिक्षिकेला भेटावे, ताटांच्या वेळेआधी पाच मिनिटे त्याला व्हरांड्याच्या टोकाला बसवावे, आणि ‘साऊ’चा अर्थ तिला कागदावर लिहून द्यावा. तालुक्याच्या विशेष शिक्षकांना कळवण्याचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले.

राहिला प्रश्न त्या मुलीच्या आईचा. तिच्याकडे आधी कोण जाणार, यावर पुन्हा पाच-दहा मिनिटे ओढाताण झाली. कंडक्टरची ड्यूटी होती आणि अप्पांना माग होते. मास्तर उठता उठता म्हणाले, ‘रविवारी सकाळी जाऊ. मी येतो, पण बोलायचे तू. आणि जाताच त्याचा आजार सांगत बसू नकोस; आधी तिच्या लेकीचा दंड कसा आहे ते विचार.’